वाचक विचारतात : बेसबॉलच्या बाद फेरीतले बारा संघ

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या २०२५ सालच्या बाद फेरीविषयी या स्तंभाकडे खानदेशातून बरीच पत्रे आली आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या शाळांना सॉफ्टबॉल नवा नाही. त्यामुळे पत्रलेखकांपैकी अनेकांना खेळ कळतो, अडते ते हिशेबापाशी. कोणता संघ कशाच्या बळावर आत आला आणि कोणता थोडक्यात बाहेर राहिला, याचा उलगडा बहुतेकांना हवा आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांच्या नावांऐवजी फक्त गावे दिली आहेत.

भुसावळहून एक रेल्वे कर्मचारी लिहितात : आयपीएलमध्ये दहा संघ, प्रत्येकाचे चौदा साखळी सामने आणि तक्त्यातले वरचे चार पुढे, असा सरळ कारभार आहे. बेसबॉलचा तक्ता मात्र सहा तुकड्यांत छापलेला दिसतो. मग पुढे जाणारे संघ कसे ठरतात?

तक्ते खरोखरच सहा आहेत. मेजर लीग बेसबॉल या तिथल्या वरिष्ठ व्यावसायिक स्पर्धेत ३० संघ असून त्यांपैकी १५ अमेरिकन लीगमध्ये आणि १५ नॅशनल लीगमध्ये आहेत. प्रत्येक लीगचे पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन विभाग असून एका विभागात पाच संघ असतात. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. त्यांत गुण नसतात, नेट रनरेटची भानगड नसते. किती जिंकले आणि किती हरले, एवढाच हिशेब.

हंगाम संपला की प्रत्येक लीगमधून सहा संघ निवडले जातात. तीन विभागांचे तीन विजेते थेट येतात आणि उरलेल्या बारा संघांमधून सर्वाधिक विजय मिळवणाऱ्या तिघांना वाइल्ड कार्ड मिळते. विभागविजेत्यांना त्यांच्या विजयांप्रमाणे पहिले, दुसरे आणि तिसरे मानांकन दिले जाते. वाइल्ड कार्डवाल्यांना चौथे ते सहावे. पहिल्या दोघांना पहिल्या फेरीत बाय मिळते, म्हणजे ती फेरी न खेळताच ते पुढे जातात. तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी तीन सामन्यांची मालिका खेळतो, आणि हे तिन्ही सामने वरच्या मानांकनाच्या संघाच्या घरीच होतात. त्यानंतर विभागीय मालिका पाच सामन्यांची, लीगच्या अजिंक्यपदाची मालिका सात सामन्यांची आणि शेवटी दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली वर्ल्ड सिरीज, तीही सात सामन्यांची. पाचांत तीन किंवा सातांत चार सामने जिंकले की उरलेले खेळवले जात नाहीत.

२०२५ मध्ये अमेरिकन लीगमधून टोरांटो, सिअॅटल आणि क्लीव्हलँड हे विभागविजेते होते, तर न्यूयॉर्क यांकीज, बोस्टन आणि डेट्रॉइट वाइल्ड कार्डने आले. नॅशनल लीगमध्ये मिलवॉकी, फिलाडेल्फिया आणि लॉस एंजेलिस डॉजर्स यांनी विभाग जिंकले. शिकागो कब्ज, सॅन दिएगो आणि सिनसिनाटी मागच्या दाराने आत आले. मागचे दार म्हटले तरी ते अरुंद असते, हे पुढच्या पत्रावरून लक्षात येईल.

अमळनेरहून एक निवृत्त शिक्षक विचारतात : ह्यूस्टनने ८७ सामने जिंकले आणि तो संघ घरी बसला, सिनसिनाटीने ८३ जिंकले आणि तो खेळला. यांकीजचे ९४ विजय असूनही त्यांना चौथे मानांकन, आणि ८८ विजयांच्या क्लीव्हलँडला तिसरे. हा कुठला न्याय?

सर, आकडे आपण अचूक दिले आहेत आणि आपला सवाल वाजवी आहे. यात तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

पहिली गोष्ट अशी, की दोन लीगचे हिशेब कधीच एकत्र मांडले जात नाहीत. नॅशनल लीग १८७६ पासूनची आणि अमेरिकन लीग १९०१ मध्ये तिची प्रतिस्पर्धी म्हणून उभी राहिलेली. कितीतरी दशके या दोन वेगळ्या संस्था होत्या, आणि व्यवस्थापन एक झाल्यावरही चुली वेगळ्याच राहिल्या. त्यामुळे ह्यूस्टनची स्पर्धा सिनसिनाटीशी नव्हतीच. ती डेट्रॉइटशी होती, आणि डेट्रॉइटचेही ८७च विजय झाले होते. अशी बरोबरी झाली की दोघांमधल्या आपसांतल्या सामन्यांचा निकाल पाहतात. त्या सहा सामन्यांपैकी चार डेट्रॉइटने जिंकले होते, म्हणून डेट्रॉइट आत आणि ह्यूस्टन बाहेर. तिकडे नॅशनल लीगमध्ये सिनसिनाटी आणि न्यूयॉर्क मेट्स दोघेही ८३ वर थांबले. हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवशी दोघेही हरले. मेट्स जिंकले असते तर चित्र पालटले असते. तिथेही आपसांतल्या सहा सामन्यांपैकी चार सिनसिनाटीचे होते. एप्रिल ते सप्टेंबर घाम गाळून १६२ सामन्यांनंतर संघ तिथल्या तिथेच, आणि निवाडा त्या सहा सामन्यांवर.

पूर्वी अशा वेळी एक जादा सामना खेळवत असत, ज्याला १६३ वा सामना म्हणत. २०१८ मध्ये तर एकाच दिवशी असे दोन सामने झाले होते. २०२२ पासून ही प्रथा बंद झाली. वेळापत्रक आवळण्यासाठी ती काढली हे समजण्यासारखे असले, तरी दोघांनी मैदानात उतरून काय ते एकदाचे ठरवावे, यात जो सरळपणा होता तो कागदावरच्या नियमात नाही, असे आम्हांला वाटते.

दुसरी गोष्ट यांकीजची. टोरांटो आणि यांकीज एकाच विभागातले, दोघांचेही ९४ विजय. आपसांतल्या तेरा सामन्यांपैकी आठ टोरांटोने जिंकले, म्हणून विभाग त्यांचा झाला, पहिले मानांकन आणि बायही त्यांनाच मिळाली. यांकीजना मात्र चौथ्या क्रमांकावर उतरून बोस्टनशी झुंजावे लागले. एवढ्या लहान फरकाची एवढी मोठी किंमत क्वचितच कोणी मोजली असेल. ती मालिका यांकीजने २-१ अशी जिंकली, पण पुढच्याच फेरीत टोरांटोने त्यांना ३-१ असे घालवले, म्हणजे तो हिशेब पुन्हा तिथेच येऊन मिटला.

तिसरी गोष्ट क्लीव्हलँडची, आणि इथे आमचे मत आपल्याहून थोडे वेगळे आहे. विभाग जिंकणाऱ्याला कमी विजय असूनही वर बसवणे अन्यायाचे वाटते खरे. परंतु विभागातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी तेरा-तेरा सामने, म्हणजे एकूण ५२ सामने खेळायचे आणि त्याच्या अखेरीस मिळणाऱ्या पहिल्या क्रमांकाला काही वजनच द्यायचे नाही, हेही बरे नव्हे. त्यातून क्लीव्हलँडने तो क्रमांक मिळवला तरी कसा, तर जुलैमध्ये ते डेट्रॉइटच्या साडेपंधरा सामने मागे होते. साडे कसे, असा प्रश्न पडेल. दोन संघांच्या विजयांमधला आणि पराभवांमधला फरक मिळवून त्याचे अर्धे केले की हे अंतर येते, आणि एका संघाचा एखादा सामना कमी झालेला असला की अर्धा उरतो. एवढी पिछाडी भरून काढून कोणी विभाग जिंकल्याचे उदाहरण बेसबॉलच्या इतिहासात त्याआधी नव्हते. गंमत अशी की पहिल्या फेरीत क्लीव्हलँडसमोर डेट्रॉइटच आले, आणि क्लीव्हलँडच्याच मैदानावर २-१ अशी मालिका जिंकून गेले.

जळगावची एक विद्यार्थिनी लिहिते : मी शाळेच्या संघात सॉफ्टबॉल खेळते. आमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी मुलगी, स्पर्धेत एका दिवसात दोन सामनेही टाकते. बेसबॉलमधले एवढे दणकट पिचर पाच-पाच दिवस विश्रांती का घेतात? आणि मग डॉजर्सच्या यामामोतो या पिचरने लागोपाठ दोन दिवस कसे टाकले?

तुझा प्रश्न सगळ्या पत्रांत उजवा आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

सॉफ्टबॉलमध्ये तुमची पिचर हात खालून फिरवून चेंडू सोडते आणि डावही सातच असतात. बेसबॉलमध्ये चेंडू खांद्यावरून, ताशी दीडशे किलोमीटर आणि त्याहून अधिक वेगाने, नऊ डाव टाकायचा असतो. त्या फेकीत खांद्यावर आणि कोपरावर इतका ताण येतो की कोपरातला अस्थिबंध फाटून शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या पिचरांची यादी फार लांब आहे. म्हणून सामना सुरू करणारा पिचर साधारण चार-पाच दिवस विश्रांती घेऊन पुन्हा उतरतो, आणि एका संघाला असे पाच जण पाळीपाळीने लागतात. हंगामाच्या तक्त्यात वर राहायचे असेल तर यांतला चौथा आणि पाचवाही चांगला असावा लागतो.

बाद फेरीत हे गणित बदलते. सामने कमी, मधूनमधून प्रवासाचे सुट्टीचे दिवस, त्यामुळे तीन-चार उत्तम पिचर असले तरी भागते. ज्याच्याकडे दोनच अव्वल पिचर आहेत, असा मध्यम संघ तीन किंवा पाच सामन्यांच्या मालिकेत कुणालाही लोळवू शकतो. २००१ मध्ये सिअॅटलने हंगामात ११६ सामने जिंकले आणि तरी त्यांना वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचता आले नाही. २००६ मध्ये सेंट लुइस अवघ्या ८३ विजयांवर आत आले आणि अजिंक्यपद घेऊन गेले. हंगाम आणि बाद फेरी या दोन वेगळ्याच परीक्षा आहेत, आणि १६२ सामन्यांचा अव्वल संघ ऑक्टोबरमध्येही अव्वल ठरावा अशी अपेक्षा धरणाऱ्याची दरवर्षी निराशा होते.

आता यामामोतोचे. टोरांटो आणि डॉजर्स यांच्यातल्या वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना त्याने एकट्याने पूर्ण नऊ डाव टाकून जिंकून दिला. सहावा सामना ३१ ऑक्टोबरला होता. डॉजर्स २-३ असे मागे होते, आणि त्याने सहा डावांत ९६ चेंडू टाकले. तो सामना डॉजर्सने जिंकला. दुसऱ्या दिवशी सातवा. नेहमीच्या हिशेबाने यामामोतोने त्या दिवशी बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. नवव्या डावापर्यंत टोरांटो ४-३ असे पुढे होते आणि अजिंक्यपदापासून दोन बाद दूर, तेव्हा मिगेल रोहास या डॉजर्सच्या तळाच्या फलंदाजाने, ज्याच्याकडून होम रनची, म्हणजे षटकारासारख्या फटक्याची, अपेक्षा कोणीच करत नाही, चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे पाठवून बरोबरी साधली. नवव्याच्या उत्तरार्धात टोरांटोचे दोन धावक बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, असताना यामामोतोला आणले गेले. त्याचा एक चेंडू फलंदाजाला लागला, तिन्ही बेस भरले, एकच बाद झालेला. एक धाव झाली की खेळ खलास.

पुढच्या फलंदाजाचा फटका जमिनीवरून रोहासकडेच आला. तो तोल जाता जाता सावरला आणि त्याने होम प्लेटकडे, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागेकडे, फेक केली. कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला यष्टिरक्षक, असलेल्या विल स्मिथचा पाय प्लेटवरून क्षणभर उचलला गेला होता, तो धावक पोहोचण्याआधी पुन्हा टेकला की नाही हे चित्रफीत पाहून ठरवावे लागले, आणि निर्णय बादचा झाला. त्यानंतरचा उंच फटका मैदानाच्या मागच्या भिंतीजवळ अँडी पाहेसने आपल्याच सहकाऱ्याला धडकत झेलला. लागोपाठच्या दोन फटक्यांत टोरांटोचे अजिंक्यपद दोनदा हातातून निसटले. अकराव्या डावात त्याच स्मिथने होम रन मारला, यामामोतोने शेवटपर्यंत टाकले, आणि ५-४ असा सामना संपला. त्या मालिकेतले तीन विजय यामामोतोच्या नावावर लागले आणि मालिकावीरही तोच ठरला.

हे त्याने कसे केले, याचे उत्तर एवढेच की तो हंगामातला शेवटचा सामना होता. पुढे चार महिने विश्रांतीच होती. उद्याचा सामना असता तर कोणत्याही प्रशिक्षकाने त्याला हात लावू दिला नसता. तेव्हा हे उदाहरण दाखवून कोणी तुमच्या संघातल्या मुलीला रोज रोज टाकायला लावू लागले, तर तू आमचे नाव सांग.

धुळ्याहून एक वाचक : बाय मिळणे फायद्याचे की तोट्याचे? पाच दिवस बसून राहिलेला संघ गंजतो, असे समालोचक म्हणतात.

ही पद्धत २०२२ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२५ पर्यंतच्या चार वर्षांत सोळा संघांना बाय मिळाली आणि त्यांपैकी नऊ संघांनी आपली पहिली मालिका जिंकली. २०२३ मध्ये मात्र चारांपैकी एकटे ह्यूस्टन तरले. १०४ विजयांचे अटलांटा आणि १०० विजयांचे डॉजर्स दोघेही पहिल्याच मालिकेत गारद झाले, आणि गंजण्याची चर्चा तेव्हापासून रंगली. त्याच वर्षी टेक्सास वाइल्ड कार्डने येऊन अजिंक्य ठरले. चार वर्षांतल्या चार अजिंक्य संघांपैकी दोघांना बाय होती, दोघांना नव्हती. आमच्या मते यातून गंज सिद्ध होत नाही. लहान मालिकेत काहीही होऊ शकते, इतकेच सिद्ध होते.

चोपड्याहून एक प्राध्यापक लिहितात : पूर्वी फक्त दोन संघ अंतिम मालिका खेळत असत, असे वाचले आहे. दोनांचे बारा कसे झाले? यामागे पैसा आहे, असे मी म्हटले तर चुकेल काय?

मुळीच चुकणार नाही, फक्त एवढेच कारण नाही. पहिली वर्ल्ड सिरीज १९०३ मध्ये बोस्टन आणि पिट्सबर्ग यांच्यात झाली, तीही नऊ सामन्यांची, आणि बोस्टनने ती ५-३ अशी जिंकली. पुढच्याच वर्षी नॅशनल लीगच्या विजेत्या न्यूयॉर्क जायंट्सने खेळायलाच नकार दिला, म्हणून १९०४ मध्ये मालिका झाली नाही. तेव्हापासून १९६८ पर्यंत प्रत्येक लीगमधला पहिला क्रमांक थेट अंतिम मालिकेत जात असे. बाद फेरी अशी नव्हतीच. संघ वाढून २४ झाले, तेव्हा बारा संघांच्या तक्त्यात अकरावा-बारावा असलेल्या संघाचे मैदान जूनमध्येच ओस पडू लागणार हे उघड होते. म्हणून १९६९ मध्ये विभाग पाडले आणि पुढे जाणारे संघ चार झाले. १९९४ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे ऑगस्टमध्येच हंगाम थांबला आणि वर्ल्ड सिरीज रद्द झाली. १९९५ पासून वाइल्ड कार्ड येऊन आठ संघ झाले. २०१२ मध्ये दहा, आणि २०२२ मध्ये, मालकांनी केलेल्या दीर्घ टाळेबंदीनंतर झालेल्या करारातून, बारा. मालकांना चौदा हवे होते. खेळाडूंच्या संघटनेने बारावर रोखले. मधल्या २०२० मध्ये, महासाथीमुळे हंगाम ६० सामन्यांचा झाला तेव्हा, सोळा संघ घेतले होते, तो अपवाद.

प्रक्षेपणाचे हक्क विकून मिळणारा पैसा हे यामागचे मोठे कारण आहेच. खेळाडूंना मात्र बक्षिसाची रक्कम तिकीटविक्रीतून मिळते, आणि त्यातली एक तरतूद मोठी शहाणपणाची आहे. सात सामन्यांच्या मालिकेत पहिल्या चारच सामन्यांच्या विक्रीतला ६० टक्के वाटा खेळाडूंच्या निधीत जातो. मालिका पाचव्या-सहाव्या सामन्यापर्यंत लांबली तरी खेळाडूंच्या पदरात जास्तीचे काही पडत नाही, त्यामुळे ती मुद्दाम लांबवली अशी शंका घ्यायला जागाच उरत नाही.

शिरपूरहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी : यात भारतीय कोणी खेळले आहे काय?

बाद फेरीत नाही. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना वेगवान चेंडू टाकण्याच्या स्पर्धेतून निवडून पिट्सबर्गने करारबद्ध केले. अमेरिकी व्यावसायिक संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय; दोघेही कनिष्ठ लीगमध्ये खेळले, परंतु मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत. आयपीएलमधले रिंकू सिंग वेगळे, हे सांगून ठेवलेले बरे.

शहाद्याहून एक वाचक : हे सामने आपल्याकडे किती वाजता असतात?

ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क आणि टोरांटोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिथला रात्री आठचा सामना म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाटेची साडेपाच. पहिल्या फेरीत एका दिवशी चार-चार सामने असतात, तेव्हा तिथले दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाच्या सुमारास सुरू होतात. संपण्याची वेळ मात्र कोणी सांगू नये. हंगामातल्या सामन्यात दहाव्या डावापासून एक धावक दुसऱ्या बेसवर आयता उभा करतात, म्हणजे निकाल लवकर लागतो. बाद फेरीत तो नियम लागू नाही. २०२५च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना त्यामुळे अठरा डाव चालला. त्यात डॉजर्सचा शोहेई ओहतानी नऊ वेळा बेसवर पोहोचला, त्यांतले चार वेळा तर टोरांटोने त्याला जाणूनबुजून जाऊ दिले, आणि अखेर फ्रेडी फ्रीमनच्या होम रनवर डॉजर्स ६-५ असे जिंकले. आपल्याकडे २८ ऑक्टोबरला पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू झालेला तो सामना दुपारी बारा वाजून गेल्यावर संपला. नोकरीवर जाणाऱ्यांनी अशा दिवशी शेवटचे डाव पुनःप्रक्षेपणातच पाहावेत.